केबलवर मराठी वाहिन्या बंद झाल्या: थांबायचं, डिश घ्यायची की अँटेना लावायचा?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावर राहता, घरी केबल आहे आणि आठवडाभर आईंच्या मालिकांच्या दोन वाहिन्या दिसत नाहीत. केबलवाला म्हणतो, "वरती कंपन्यांचं भांडण चालू आहे, चार दिवस थांबा." कोपऱ्यावरचा डिशवाला म्हणतो, "केबल सोडा, आजच छत्री लावून देतो." आणि ह्यूस्टनमधला भाऊ फोनवर सांगतो, "साधा अँटेना लाव, लोकल चॅनल फुकट दिसतात." तिघांपैकी कोणाचं ऐकायचं, हे तुम्हाला हवं आहे.

मी पुण्यात केबल आणि डिशचं काम ॲनालॉगच्या काळापासून करतो आहे. तिघंही आपापल्या जागी खोटं बोलत नाहीत. पण आई नेमकं काय बघतात, हे तिघांपैकी कोणीच विचारलेलं दिसत नाही. तुम्ही ते प्रश्नात लिहिलंय म्हणून बरं झालं: संध्याकाळच्या मालिका, दिवसभर अधूनमधून मराठी बातम्या आणि अनंत चतुर्दशीला विसर्जनाची मिरवणूक. आपण या सगळ्याला सरसकट 'लोकल चॅनल' म्हणतो, पण ही तीन वेगळी कामं आहेत आणि तिन्ही घरात तीन वेगळ्या वाटांनी येतात. एक वाट बंद पडली म्हणून तिन्ही बदलायची गरज नसते.

सगळ्यात आधी एक खात्री करून घ्या. हे खरंच भांडण आहे की तुमच्या लाइनचा दोष? केबलवाल्यावर संशय घ्या असं मी म्हणत नाही. पण एखाद्या भांडणाची बातमी फिरायला लागली की त्या आठवड्यातली प्रत्येक तक्रार त्याच खात्यात जमा होते, हे मी पुष्कळदा पाहिलंय. ओळखायची पद्धत सोपी आहे. कागद घ्या आणि दिसत नसलेल्या सगळ्या वाहिन्यांची नावं लिहा, मराठी, हिंदी, खेळ, सिनेमा, सगळी. मग त्या कोणाच्या आहेत ते बघा. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी आता एकाच घरच्या आहेत, कारण नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टार आणि वायकॉम१८ एकत्र आले आणि जिओस्टार झालं. झी मराठी, झी युवा, झी टॉकीज ही झीची मंडळी. सोनी मराठी सोनीची, सन मराठी सनची. यादीतली सगळी नावं एकाच घरची निघाली आणि त्या घरच्या हिंदी वाहिन्याही गेलेल्या असल्या, तर भांडण खरं आहे. उलट यादीत एक झीची, एक सोनीची, एक बातम्यांची आणि एखादी भक्तीची अशी सरमिसळ असेल, तर ते भांडण नाही. एकाच फ्रिक्वेन्सीवर शेजारी शेजारी बसलेल्या वाहिन्या एकदम गेल्या आहेत आणि दोष वायरमध्ये, स्प्लिटरमध्ये (एक वायर अनेक घरांत वाटणारा जोड) किंवा जिन्यातल्या ॲम्प्लिफायरमध्ये आहे.

पडद्यावर काय दिसतं तेही बघा. चित्राचे चौकोन फुटतात, आवाज तुटतो किंवा 'सिग्नल नाही' असं येतं, तर लाइन. 'ही वाहिनी तुमच्या पॅकमध्ये नाही' अशा अर्थाचं काही येत असेल, तर पॅक संपलाय, बदललाय किंवा बॉक्सपर्यंत परवानगी पोचलेली नाही. अशा वेळी केबलवाल्याला नुसतं "रिफ्रेश मारा" म्हणा, बॉक्स चालू ठेवून दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुष्कळदा तेवढ्यानंच काम होतं. भांडणात मात्र वाहिनीच्या जागी स्वच्छ पाटी येते, किंवा तो क्रमांकच यादीतून गायब होतो. शेजारच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कंपनीची केबल असेल तर तिथेही विचारा. तिथे दिसतंय आणि तुमच्याकडे नाही, तर भांडण तुमच्या कंपनीपुरतं आहे.

ज्यांच्याकडे डिश आहे त्यांनी एक जास्तीची गोष्ट लक्षात ठेवावी. छत्रीच्या पुढे सिग्नल पकडणारा जो छोटा डबा, म्हणजे एलएनबी, असतो त्याला बॉक्स वायरीतूनच वीज देतो. १३ व्होल्ट दिले की उभ्या लहरींवरच्या वाहिन्या येतात, १८ व्होल्ट दिले की आडव्या लहरींवरच्या. वायर कुजली की १८ व्होल्ट वरपर्यंत पोचत नाहीत आणि वाहिन्यांचा मोठा गट एकदम नाहीसा होतो, बाकीच्या मात्र छान चालतात. पावसाळ्यानंतर हे फार होतं. गच्चीवर जाऊन एलएनबीचा स्क्रूचा कनेक्टर उघडला की आतली तांब्याची तार हिरवी पडलेली दिसते, कधी कनेक्टरमधून पाण्याचा थेंबही पडतो. ती टोकं चार बोटं कापायची, नवा कनेक्टर लावायचा आणि वायरला एलएनबीच्या खाली एक वळसा द्यायचा म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं. एवढ्या कामाला सहसा फार खर्च येत नाही. या दोषापायी लोकांनी कंपनी बदललेली मी पाहिली आहे आणि पुढच्या जूनमध्ये नव्या कंपनीची वायरही तशीच हिरवी पडते.

आता समजा भांडण खरंच आहे. ते कशावरून होतं हे कळलं की थांबायचं की नाही हे ठरवता येतं.

फेब्रुवारी २०१९ पासून आपल्याकडे असा नियम आहे की वाहिनीची छापील किंमत वाहिनीवाला ठरवतो आणि ग्राहक हव्या त्या वाहिन्या किंवा त्यांचे गठ्ठे घेतो. त्या किमतीतले किमान २० टक्के वितरकाला, म्हणजे केबल किंवा डीटीएच (घरोघरी छत्री लावणाऱ्या) कंपनीला, वाटपाचे मिळतात. शिवाय वाहिनीवाला त्याला १५ टक्क्यांपर्यंत सूट देऊ शकतो, पण त्यासाठी अटी असतात: अमुक इतक्या घरांत गठ्ठा पोचला पाहिजे, तमुक क्रमांकाला वाहिनी बसवली पाहिजे. बाकीचा पैसा वाहिनीवाल्याचा. दर वाढवायची वेळ आली की वाहिनीवाला म्हणतो, मालिका आणि क्रिकेटचा खर्च वाढलाय. केबल कंपनी म्हणते, बिल वाढलं की माझं गिऱ्हाईक मोबाइलकडे जातं, तुमचं काही जात नाही. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. छोट्या वाहिन्यांचं गणित याच्या उलटं असतं. त्यांना कोणी मागत नाही, म्हणून त्याच वितरकाला 'कॅरेज फी' देऊन यादीत बसतात. २०१७ च्या नियमांत या फीची कमाल मर्यादा साध्या वाहिनीला दर ग्राहकामागे महिन्याला २० पैसे ठेवली होती. म्हणजे मोठी वाहिनी पैसे मागते आणि छोटी पैसे भरते. त्यामुळे मोठी वाहिनी बंद झाली तर ती बहुतेक परत येते, कारण दोघांनाही एकमेकांवाचून चालत नाही. छोटी वाहिनी बंद झाली तर ती कायमची गेलेली असू शकते.

हे अनुभवातून सांगतोय आणि जुने प्रसंगही तेच दाखवतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये नवे दर लागू झाले तेव्हा केबल कंपन्यांच्या संघटनेतल्या कंपन्यांनी नव्या करारांवर सह्या केल्या नाहीत. स्टार, झी आणि सोनी, तिघांनीही त्यांचा सिग्नल तोडला. साडेचार कोटी घरांवर परिणाम झाला असं त्या संघटनेनं सांगितलं होतं. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, पण आठवड्याभरात करार झाले आणि वाहिन्या परत आल्या. त्या दिवसांत ज्यांनी घाईघाईनं वर्षाचा पॅक भरून डिश घेतली, त्यांच्याकडे पुढे वर्षभर दोन जोडण्या होत्या आणि बघायला तेच.

आणि डीटीएचवर गेलं की भांडणातून सुटका, हेही खरं नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये टाटा स्काय (आताचं टाटा प्ले) आणि सोनी यांचं फिसकटलं तेव्हा डीटीएचच्याच घरांतून सोनीच्या वाहिन्या गेल्या होत्या. तुमचा डिशवाला आज "आमच्याकडे सगळं चालू आहे" म्हणतो ते आजपुरतं खरं आहे. करार कधी संपतो हे त्याला माहीत नसतं, त्याच्या दुकानापर्यंत ती माहिती येतच नाही.

थांबायचं किती? नियम असा की सिग्नल तोडायच्या आधी समोरच्याला तीन आठवड्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. याचा अर्थ पडदा काळा झाला त्या दिवशी भांडण सुरू झालेलं नसतं, ते तीन आठवडे जुनं असतं आणि बोलणी शेवटाला आलेली असतात. म्हणून मोठ्या मराठी मनोरंजन वाहिनीसाठी मी माणसांना दोन ते तीन आठवडे थांबा म्हणतो. महिना उलटला, कोर्ट किंवा या कंपन्यांचे वाद ऐकणारं दिल्लीतलं टीडीसॅट न्यायाधिकरण यांची तारीख लांबली आणि केबलवालाही बोलायचं टाळायला लागला, तर मग बदलायचा विचार करा. वाहिनी छोटी असेल तर एवढंही थांबू नका, ती दुसरीकडे कुठे आहे ते शोधा.

भाऊ म्हणतो त्या अँटेनाबद्दल. त्याच्याकडे ते अगदी बरोबर आहे. अमेरिकेत एबीसी, एनबीसी, सीबीएस, फॉक्स यांची गावोगावची केंद्रं जमिनीवरच्या टॉवरवरून कार्यक्रम सोडतात आणि ते अँटेनावर फुकट दिसतात. केबल किंवा डिशवर ती दाखवायची तर तिथल्या कायद्यानं केंद्राला पर्याय दिलाय: 'मला दाखवाच' म्हणायचं, किंवा 'पैसे द्या मग दाखवा' म्हणायचं. मोठी केंद्रं अर्थातच पैसे मागतात आणि करार संपला की पडदा काळा होतो. सप्टेंबर २०२४ मध्ये डिस्ने आणि डायरेक्टीव्ही यांचं असंच झालं, सुमारे दोन आठवडे वाहिन्या बंद होत्या. ह्यूस्टनचं एबीसी केंद्र डिस्नेच्याच मालकीचं, म्हणून ते त्यात गेलं. तेव्हा तिथे खिडकीत अँटेना लावणाऱ्याला ते केंद्र दिसत राहिलं. भाऊ सांगतोय ते अनुभवाचं सांगतोय.

पुण्यात हे चालत नाही, कारण आपल्या देशात जमिनीवरच्या टॉवरवरून टीव्ही दाखवायची परवानगी खासगी कंपन्यांना नाहीच. तो मान फक्त दूरदर्शनचा. स्टार प्रवाह किंवा झी मराठी हवेतून थेट तुमच्या खिडकीत कधीच येत नव्हती, ती उपग्रहावरून केबल कंपनीच्या किंवा डीटीएचच्या केंद्रात उतरते आणि तिथून कुलूप लावून तुमच्याकडे येते. सिंहगडावरच्या टॉवरकडे तोंड करून गच्चीवर माशाच्या काट्यासारखे अँटेना लावायचो, तेव्हाही त्यावर दूरदर्शनच दिसायचं. ते जुनं ॲनालॉग प्रक्षेपणही आता जवळजवळ देशभर बंद झालंय. तेव्हा अँटेना विकत घेऊ नका. ऑनलाइन दुकानांत 'एचडी अँटेना, शेकडो चॅनल फुकट' अशा जाहिराती दिसतात, त्या आपल्याकडच्या खासगी वाहिन्यांसाठी निरुपयोगी आहेत.

अँटेनाच्या सगळ्यात जवळ जाणारी आपल्याकडची गोष्ट म्हणजे डीडी फ्री डिश. प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर २००४ पासून चालू आहे. एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की महिन्याला काही भरायचं नाही. साधारण दीड-दोन हजारांत काम होतं. सह्याद्री त्यावर आहेच, शिवाय काही खासगी मराठी वाहिन्या आणि बातम्याही असतात. पण ज्या मालिकांसाठी तुमचा प्रश्न आहे, त्या मोठ्या मराठी वाहिन्या तिथे नाहीत. खासगी वाहिन्यांना फ्री डिशवरची जागा लिलावात घ्यावी लागते, त्यामुळे यादी बदलत राहते. एप्रिल २०२२ मध्ये स्टार उत्सव, झी अनमोल, कलर्स रिश्ते आणि सोनी पल या चार हिंदी वाहिन्या एकाच वेळी तिथून निघून गेल्या होत्या. म्हणून एका विशिष्ट वाहिनीच्या भरवशावर फ्री डिश घेऊ नका. सह्याद्री, बातम्या, जुने चित्रपट आणि केबल गेली तरी टीव्ही बंद पडू नये, यासाठी घ्या. त्या कामासाठी तिच्यासारखी दुसरी सोय नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरात जुनी डिश पडली असेल तर छत्री नवी घ्यायचीही गरज नसते. फ्री डिश जीसॅट-१५ उपग्रहावर आहे, ९३.५ अंश पूर्वेला (हा आकडा म्हणजे उपग्रहाची आकाशातली जागा). डिश टीव्ही ९५ अंशांवर, म्हणजे शेजारीच. ती छत्री किंचित वळवली की फ्री डिश लागते. टाटा प्ले ८३ अंशांवर, तिची छत्री थोडी जास्त फिरवावी लागते आणि जरा खाली आणावी लागते. बॉक्स मात्र फ्री डिशचा वेगळा लागतो. आपल्याकडे एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्याकडे चालत नाही.

छत्री लावायची म्हटलं की पुण्यातल्या फ्लॅटमध्ये खरा प्रश्न दिशेचा येतो. आपल्याकडून हे सगळे उपग्रह आग्नेयेच्या बाजूला आहेत, कोणी जरा दक्षिणेकडे, कोणी जरा पूर्वेकडे. ८३ अंशांचा उपग्रह पुण्याहून पाहिलं तर दक्षिणेच्या थोडा पूर्वेला आणि क्षितिजापासून जवळजवळ ६६ अंश वर असतो, म्हणजे चांगलाच डोक्यावर. फ्री डिशचा आग्नेयेला, सुमारे ५९ अंश वर. एअरटेलचा १०८ अंशांवरचा पूर्वेकडे झुकलेला आणि सुमारे ४५ अंशांवर. छत्री बघून हे कळत नाही, कारण ती दिसते त्याहून वीस-पंचवीस अंश जास्त वर बघत असते. त्यामुळे लोकांना वाटतं समोर मोकळं आहे आणि प्रत्यक्षात वरच्या मजल्याची बाल्कनी आड येते. तुमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. बाल्कनी उत्तरेला किंवा पश्चिमेला असेल तर विषय तिथेच संपला, गच्चीवर जावं लागेल. दक्षिणेला असून वर दुसरी बाल्कनी असेल, तर ८३ अंशांचा उपग्रह अडण्याचीच शक्यता जास्त, १०८ चा कदाचित मिळेल. म्हणजे कोणती कंपनी चांगली हे ठरवायच्या आधी कोणती कंपनी तुमच्या बाल्कनीतून दिसते हे ठरतं. गच्चीवर लावायची तर सोसायटीच्या चिटणीसांशी आधी बोला. डक्टमधून वायर खाली आणू दिली जात नाही आणि बाहेरच्या भिंतीवर लटकवू दिली जात नाही, यावरून झालेले वाद मी वाहिन्यांच्या भांडणापेक्षा जास्त दिवस चाललेले पाहिलेत. शिवाय आपल्या पावसात जोराची सर आली की काही मिनिटं डिश जाणार, हे आईंना आधीच सांगून ठेवा. केबल कंपनीच्या केंद्रात मोठ्या छत्र्या असतात, त्यामुळे केबलवर हा त्रास कमी होतो.

इंटरनेटची वाट आता सगळ्यात सोपी दिसते आणि मालिकांपुरती ती खरंच कामाची आहे. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी५ वर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर मिळतात. केबलचं भांडण या ॲपना लागू होत नाही, कारण तिथे मध्ये केबल कंपनीच नसते. मराठी बातम्यांच्या मोठ्या वाहिन्या यूट्यूबवर दिवसभर थेट चालू असतात, त्याला पैसेही पडत नाहीत. दूरदर्शनच्या वाहिन्या प्रसार भारतीच्या वेव्हज ॲपवर आहेत, ते नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं. घरी फायबरचं वायफाय असेल तर डेटाची काळजी नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवणार असाल तर एचडीला तासाला दीड-दोन जीबी सहज जातो, ते धरून चला.

पण इथे मी तुम्हाला थांबवीन, कारण प्रश्न तुमचा नाही, आईंचा आहे. ज्या बाई वीस वर्षं एकाच रिमोटवर ठरावीक आकडा दाबून मालिका लावतात, त्यांना ॲप उघडा, प्रोफाइल निवडा, जाहिरात वगळा, पुढचा भाग कोणता ते शोधा, हे सगळं रोज करायला लावणं मला बरोबर वाटत नाही. तुम्ही कामावर असताना संध्याकाळी साडेसातला त्या टीव्हीसमोर बसतात आणि पडद्यावर पासवर्ड मागितला जातो, तेव्हा त्या फोन करून तुम्हाला त्रास देत नाहीत, टीव्ही बंद करून बसतात. हे मी घरोघरी पाहिलंय. म्हणून वयस्कर माणसाच्या घरात मी ॲप हा पर्याय केबलच्या जोडीला सुचवतो, केबलच्या जागी नाही. रात्री तुम्ही घरी आल्यावर राहिलेला भाग लावून द्या, दोघं मिळून बघा. तेवढ्यानं दोन-तीन आठवडे निघून जातात.

आता राहिली मिरवणूक. केबल सोडायच्या आधी हा विचार नक्की करा, कारण डिशवाला याबद्दल बोलणार नाही. लक्ष्मी रस्त्यावरची विसर्जन मिरवणूक सलग, मानाच्या पहिल्या गणपतीपासून दुसऱ्या दिवशीपर्यंत दाखवतात त्या पुण्यातल्या स्थानिक केबल वाहिन्या. त्या उपग्रहावर नसतात, केबल कंपनी किंवा केबलवाला त्या आपल्याच जाळ्यात चालवतो. त्यामुळे कोणत्याही डीटीएचवर त्या मिळत नाहीत आणि वाहिनीवाल्यांच्या भांडणात त्या बंदही होत नाहीत. पालख्यांचं पुण्यातलं स्वागत, पेठांमधले कार्यक्रम, पाणीकपातीची सूचना, हे सगळं तिथेच सविस्तर मिळतं. मोठ्या बातम्यांच्या वाहिन्या मिरवणूक दाखवतात, पण तुकड्यातुकड्यानं. यूट्यूबवर थेट प्रक्षेपण असतं, दगडूशेठचं दर्शनही ऑनलाइन होतं, पण ते शोधून लावून देणारं कोणी घरात हवं. कसबा गणपतीपासून पाचही मानाचे गणपती क्रमानं जाताना बघणाऱ्या माणसाला तुकडे चालत नाहीत. आई त्यातल्या असतील तर केबल ठेवा.

सह्याद्रीची काळजी करू नका. १९९५ च्या केबल कायद्याच्या कलम ८ प्रमाणे सरकारनं ठरवून दिलेल्या दूरदर्शनच्या वाहिन्या प्रत्येक केबलवाल्याला दाखवाव्याच लागतात. खासगी कंपन्यांच्या भांडणात त्या जात नाहीत.

पैशांचं म्हणाल तर जी वाहिनी दिसत नाही तिचे पैसे कंपनीला घेता येत नाहीत, बंद झाल्या दिवसापासून तेवढी रक्कम कमी व्हायला हवी. केबलवाल्याशी तोंडी वाद घालू नका, त्याच्या हातात काही नसतं आणि बहुतेकदा तोच शिव्या खात असतो. केबल कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्या, उत्तर आलं नाही तर त्यांच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या वरच्या अधिकाऱ्याकडे, लिहा. ट्राय, म्हणजे हे नियम करणारी सरकारी संस्था, एकेका ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करत नाही आणि टीडीसॅटमध्ये कंपन्या आपसात भांडतात. तुमच्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. महिन्याच्या चाळीस-पन्नास रुपयांसाठी आयोगात कोणी जात नाही हे मला कळतं, पण तक्रार क्रमांक मिळाला की पुढच्या बिलात ती रक्कम वळती होण्याची शक्यता पुष्कळ वाढते. आणि भांडण चालू असताना सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा पॅक कुठेच भरू नका, ना केबलला, ना डिशला.

तुमच्या जागी मी काय केलं असतं ते सांगतो. यादी करून भांडण खरं असल्याची खात्री केली असती. केबल चालू ठेवली असती, गठ्ठ्यातून बंद वाहिन्यांचा भाग महिन्यापुरता काढून घेतला असता आणि त्या पैशांत एका ॲपचं महिन्याचं सदस्यत्व घेतलं असतं, ज्या घरच्या मालिका आई बघतात त्याच घरचं. तीन आठवड्यांत वाहिन्या परत आल्या तर ते बंद केलं असतं. नाही आल्या, तर आधी बाल्कनीची दिशा बघितली असती आणि मगच डीटीएचचा विचार केला असता, तोही केबल न तोडता, निदान गणपती होईपर्यंत. फ्री डिश मी तरीही लावून घेतली असती. घरात एकटं राहणारं वयस्कर माणूस असेल, तर महिन्याचा रिचार्ज विसरला तरी चालू राहणारी एक सोय असावी, असं मला मनापासून वाटतं.

सोसायटीत बिल्डरनं एकाच कंपनीचं फायबर टाकलेलं असेल, गच्चीला कुलूप असेल किंवा घरात तीन टीव्ही असतील, तर यातलं बरंचसं बदलतं. तेव्हा दोन गोष्टी कळवा: बंद वाहिनीच्या जागी पडद्यावर नेमकं काय लिहून येतं आणि तुमची बाल्कनी कोणत्या दिशेला आहे. सकाळी आठच्या सुमाराला बाल्कनीत ऊन येतं का, एवढं सांगितलंत तरी मला पुरे.